काजळी की ॲनीलिंगचा डाग?

सुट्टीवर आलेला भाचा चहा पिता पिता म्हणाला, "मामा, फायरिंग झाल्यावर काडतुसांचे रिकामे पितळी खोके मोजत होतो. बऱ्याच खोक्यांची मान काळीनिळी झालेली. रायफल बिघडली म्हणायची काय?" खानापूरकडच्या आमच्या घरांत असले प्रश्न चहाबरोबरच येतात, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे. मी म्हटलं, "काळी की निळी, ते आधी सांग की."

निळसर-जांभळा, पिवळट कडेचा एकसारखा पट्टा असेल तर तो बार उडण्याच्या आधीपासूनचा. खोका घडवताना पितळ कडक होतं, म्हणून कारखान्यात मान (गोळी धरणारा अरुंद भाग) आणि खांदा (त्याखालचा उतार) तापवून मऊ करतात. ते ॲनीलिंग. लष्करी काडतुसांवर त्याचा रंग तसाच ठेवलेला असतो. बुलेट मोटरसायकलच्या सायलेन्सरला वाकणापाशी चढतो ना, तसला. यामागची गोष्ट आपल्याच पावसाची आहे: इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळाभर ठेवलेल्या काडतुसांना आपोआप चिरा पडत. पितळेत अडकलेला ताण आणि तबेल्यांकडून येणारा अमोनिया, अशी ही जोडी होती. नीट तापवलं की ताण निघतो.

काजळीचं तसं नाही. ती चिंदीला लागते, ॲनीलिंगचा डाग लागत नाही. शंका असेल तर त्याच पेटीतला न उडवलेला राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, शेजारी धरून बघायचा. पट्टा त्यावरही दिसला की विषय संपला.

पण चिंदी काळी झाली तर? नुसत्या मानेवर थोडी काजळी असणारच. बार उडाला की दाबानं पितळ फुगतं, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटतं आणि गॅस मागं येऊ देत नाही. दाब कमी पडला की मान उशिरा आणि अर्धवट चिकटते, फटीतून धूर मागं सरकतो. काजळी खांदा ओलांडून अंगावर उतरली की शोध घ्यायचा. त्याच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, काडतुसं दुसऱ्या रायफलीत चालवायची. तिथंही काळे निघाले तर दोष दारूगोळ्याचा, एकाच रायफलीत निघाले तर तिचं चेंबर झिजलेलं किंवा घाण. काळा ओघळ दर खोक्याला एकाच बाजूला दिसला तर मी आधी चेंबरच साफ करीन.

एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, बाराच्या गॅसवर आपोआप पुढचा राउंड भरणारी) वापरणारे इथं हमखास चुकतात. खोका काळा दिसला की हात गॅस कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरकडे! गॅसचं भोक पुढं बॅरलमध्ये. गोळी तिथं पोचेपर्यंत खोका चिकटायचा तो चिकटलेला असतो. म्हणून रेग्युलेटर फिरवून ही गळती थांबत नाही. उलट गॅस जास्त झाला तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) लवकर उघडतो, बॅरलमधला उरलेला दाब मागं येतो आणि काजळी वाढते. तेव्हा खोके लांब फेकले जातात आणि बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरनं, म्हणजे खोका ओढून काढणाऱ्या आकड्यानं, ओरबाडलेली दिसते. कमजोर बाराचे खोके बहुधा पायाशीच पडतात.

बुडाला, ठोका बसून पेटणाऱ्या टोपीभोवती काळं कडं दिसलं तर ते मात्र वेगळं प्रकरण. तिथून गॅस थेट बोल्टच्या तोंडावर येतो. पुढचा राउंड भरायचा नाही, रायफल आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्यायची.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चिंदी लावून बघितलीच नाही ओ मामा."