ऑक्सिजन सेन्सर : जुन्या गाड्यांतील बिघाड व तपासणी (खानदेश)

ऑक्सिजन सेन्सर हा पेट्रोल इंजेक्शन गाडीच्या एक्झॉस्ट पाइपात आट्यांनी बसवलेला बोटभर लांबीचा भाग. पेट्रोल जळून गेल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरला, हे तो विजेच्या दाबातून (व्होल्टेजमधून) ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाला कळवतो आणि त्यावरून ईसीएम पुढचा फवारा कमी-जास्त करते. गॅरेजमध्ये त्याला ओटू सेन्सर किंवा लॅम्डा म्हणतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत दहा-पंधरा वर्षे चाललेल्या पेट्रोल गाड्या अजून रोजच्या कामाला आहेत. अशा गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी मिसिंग मारते, किंवा अहिराणीत म्हणतात तसे ‘गाडी पेट्रोल खास’ (पेट्रोल खाते) असे होते. मग स्कॅनर (ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारे यंत्र) लावला जातो, ऑक्सिजन सेन्सरचा कोड निघतो आणि सेन्सर बदलला जातो. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सर खराब आहे असे नव्हे. पुष्कळदा सेन्सर खरे तेच सांगत असतो आणि दुखणे दुसरीकडे असते. म्हणून आधी सेन्सरचे ऐकावे, मग पान्याला हात लावावा.

रचना व कार्य

सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियम डायऑक्साइडची टोपी असते. यिट्रियम ऑक्साइड मिसळून ती पक्की केलेली असते आणि तिच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरच्या अंगाला धूर लागतो, आतल्या अंगाला साधी हवा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, धुरात अगदी थोडा. टोपी ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही अंगांतल्या फरकाप्रमाणे व्होल्टेज तयार होते. वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेले समीकरण इथे लागू पडते.

मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात. लीन, म्हणजे हवा जास्त असेल, तर ०.१ ते ०.२. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. त्यालाच लॅम्डा १ म्हणतात आणि त्याच्या आसपास व्होल्टेज ०.४५ वरून एकदम उडी घेते. जुन्या गाड्यांतला सेन्सर जास्त की कमी एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. त्यामुळे ईसीएम पेट्रोल जरा वाढवते, जरा घटवते आणि त्या रेषेच्या अल्याड-पल्याड झुलत राहते. इंजिनाजवळच्या, पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज सतत हलत असणे हेच त्याच्या तब्येतीचे लक्षण आहे.

हा सेन्सर बॉश कंपनीने १९७६ मध्ये उत्पादनात आणला आणि व्होल्व्होने कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांना तो प्रथम लावला. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही वायू एकत्र निवारणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या अरुंद पट्ट्यातच नीट चालते. गॅरेजमधल्या या ‘कॅटकॉन’साठी प्रमाण राखणे हे सेन्सरचे खरे काम, इंधनाची बचत हा त्यातून मिळणारा लाभ. शिसे प्लॅटिनमचा नाश करते. शिसेयुक्त पेट्रोल भारतातून २००० मध्ये हद्दपार झाले आणि त्याच सुमारास इंजेक्शनच्या गाड्या सर्वत्र दिसू लागल्या. कार्ब्युरेटरवरच्या पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा आरंभीच्या मारुती ८०० मध्ये हा भाग शोधू नये. खेड्यापाड्यांत माणसे वाहणाऱ्या जुन्या डिझेल जीपनाही तो नसतो.

एका तारेचा सेन्सर केवळ धुराच्या उष्णतेने तापतो. तीन आणि चार तारांच्या सेन्सरमध्ये हीटर असतो. चार तारांमध्ये बहुधा दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची असते; पण जपानी व कोरियन गाड्यांत रंग बदलतात, म्हणून त्या गाडीचे वायरिंग पाहिल्याशिवाय रंगावर विसंबू नये. कॅटकॉनच्या आधी बसतो तो पहिला किंवा पुढचा सेन्सर, नंतरचा दुसरा किंवा मागचा. पेट्रोलचे प्रमाण मुख्यतः पहिल्यावर ठरते; दुसरा कॅटकॉनवर लक्ष ठेवतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच सेन्सर आढळतो.

बिघाडाची कारणे

सेन्सर वयोमानाने मंद होतो. हीटर नसलेला साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर टिकतो, हीटरचा त्याच्या दुप्पटही जातो. अकाली मरणारे सेन्सर मात्र बहुतेक विषबाधेने मरतात, आणि या प्रदेशात त्या विषाचा मार्ग अनेकदा रेडिएटरपासून सुरू होतो. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरत गेले की आत क्षार धरतो, गाडी गरम होते आणि एखाद्या दुपारी हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचे पॅकिंग) जाते. मग पाण्यात उरलेले कूलंट थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये उतरते आणि त्यातल्या सिलिकेटचा पांढुरका थर सेन्सरच्या टोकावर बसतो. असा सेन्सर बदलून काही साधत नाही. गॅस्केट तशीच राहिली तर नवाही त्याच वाटेने जातो.

दुसरे विष गॅरेजमध्येच लागते. टॅपेट कव्हर किंवा सम्प बसवताना साधी सिलिकॉन पेस्ट सढळ हाताने लावली जाते. तिची वाफ ब्रीदरच्या नळीतून इंजिनात ओढली जाते आणि सेन्सरला बाधते. डब्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेली पेस्ट मिळते, तीच वापरावी. रिंगा झिजून ऑइल जळत असेल तर टोकावर तपकिरी-करडी राख दिसते. मऊ, कोरडी काजळी दिसली तर ते विष नव्हे. मिश्रण रिच असल्याची ती खूण आहे आणि मूळ दोष काढला की ती पुष्कळदा आपोआप जळून जाते.

तारांचे नुकसान हे वेगळेच प्रकरण. खळ्यात किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि तारा कुरतडतात. उन्हाने व मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या भागाच्या) आचेने कनेक्टरचे प्लास्टिक ठिसूळ होते, काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरते, पावसाळ्यात पिनांना हिरवट गंज येतो. तोरणमाळ, धडगावकडच्या रस्त्यांवर गाडीच्या पोटाला दगड लागतो तेव्हा पाइपाचा लवचीक फ्लेक्स फाटतो किंवा मागच्या सेन्सरची तार तुटते. तापलेल्या सेन्सरवर नाल्याचे पाणी उडाले तर आतली टोपी तडकू शकते.

तपासणी

पहिली पायरी डोळ्यांची आणि कानांची. गार इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या जोडाशी आणि फ्लेक्सपाशी फट्-फट् आवाज येतो का ते ऐकावे. धातू तापून फुगला की बारीक फट बुजते, म्हणून हे काम गार असतानाच करायचे. सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणतो, ईसीएम पेट्रोल वाढवत राहते. गाडी प्रत्यक्षात रिच चालते आणि स्कॅनर मात्र लीन दाखवतो. प्लग मिस होत असेल तरी हेच घडते, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो. गॅरेजमध्ये सर्वांत जास्त सेन्सर या दोन कारणांनी उगाच बदलले जातात असे या नोंदीच्या लेखकाचे ठाम मत आहे. व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळ्या, प्लग, एअर फिल्टर आणि हीटरचा फ्यूज याच वेळी पाहून घ्यावेत.

भारतात ओबीडी-२ (गाडीने आपले दोष ठरावीक कोडमध्ये सांगण्याची पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांना स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जुळत नाही. त्या कंपनीचे प्रोटोकॉल असलेला स्कॅनर शोधावा लागतो. कोड वाचताना त्यांतला फरक समजून घ्यावा. पी०१३५ हा पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा आणि पी०१४१ दुसऱ्याच्या हीटरचा. पी०१३३ म्हणजे सेन्सर सावकाश प्रतिसाद देतो, पी०१३४ म्हणजे काहीच हालचाल नाही. पी०१७१ आणि पी०१७२ हे लीन व रिचचे कोड सेन्सरच्या बिघाडाचे नाहीतच. ते मिश्रणाविषयी बोलतात. पी०४२० कॅटकॉनविषयी.

हीटरची पारख सोपी आहे. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये रोध मोजावा. गार असताना तो गाडीनुसार साधारण २ ते १५ ओहम येतो. काहीच वाचन नसेल तर हीटर तुटला. रोध ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का पाहावे. न आल्यास दोष फ्यूज, रिले किंवा तारेत आहे.

सिग्नलसाठी डिजिटल मल्टिमीटरच घ्यावा. काट्याचा मीटर किंवा टेस्ट लॅम्प सेन्सरमधून जास्त विद्युतधारा ओढतो आणि वाचन खोटे येते. कनेक्टर जोडलेला ठेवून मागून सिग्नलच्या तारेला बारीक पिन लावावी. इंजिन पूर्ण तापवून दोन-तीन मिनिटे २,५०० आरपीएमवर धरावे. वाचन ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान झुलले पाहिजे आणि दहा सेकंदांत आठ-दहा वेळा मधली रेषा ओलांडली पाहिजे. झोका संथ असेल तर सेन्सर म्हातारा झाला. आकडा ०.४५ च्या आसपासच गोठला असेल तर बऱ्याच गाड्यांत ते ईसीएमने स्वतः दिलेले व्होल्टेज असते. म्हणजे सेन्सर गार आहे, मेला आहे किंवा तार तुटली आहे.

आकडा तळाशी किंवा वर चिकटलेला असेल तर निकाल देण्याआधी सेन्सरला चिथवून पाहावे. एअर फिल्टरच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा छोटासा फवारा मारला की मिश्रण रिच होते. आकडा लगेच ०.८ च्या वर गेला तर सेन्सर जिवंत आहे आणि गाडी खरोखर लीन चालते आहे. एखादी व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढली की आकडा खाली आला पाहिजे. खाली येत असेल आणि एरवी वर चिकटत असेल, तर गळका इंजेक्टर, जास्त फ्यूएल प्रेशर किंवा पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा व्हॉल्व्ह तपासावा. फवारा ज्वालाग्राही असतो. मॅनिफोल्डवर उडू देऊ नये. ही सर्व तपासणी उघड्यावरच करावी, बंद शेडमध्ये साचलेला कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो.

मागच्या सेन्सरचे वाचन तापलेल्या गाडीत ०.६ ते ०.७ व्होल्टवर जवळपास स्थिर असते. ते पुढच्यासारखे झुलू लागले तर कॅटकॉन निकामी झाले. अशा वेळी मागच्या सेन्सरखाली नळी लावून त्याला धुरापासून दूर करण्याची शक्कल काही जण लढवतात; दिवा विझतो, विषारी धूर तसाच गावात पसरतो. ती करू नये.

काही गाड्यांत, विशेषतः टोयोटा व होंडाच्या काही मॉडेलांत, एअर-फ्यूएल जातीचा सेन्सर असतो. तो विद्युतधारेवर चालतो. वरची व्होल्टेजची पारख त्याला लागू नाही.

सीएनजी आणि इथेनॉल

बाहेरून सीएनजी किट लावलेल्या जुन्या गाडीत सिग्नलची तार कापून तिथे एम्युलेटर जोडलेला असू शकतो. गॅसवर असताना तो ईसीएमला बनावट सिग्नल पाठवतो. त्यातला रिले अडकला तर पेट्रोलवरही बनावट सिग्नलच जातो. म्हणून तपासणी पेट्रोलवर करावी आणि कापलेला जोड आधी शोधावा.

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा लागते. सेन्सर हे बरोबर ओळखतो आणि ईसीएम फवारा वाढवते. त्यामुळे स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ईसीएमने फवाऱ्यात केलेली टिकाऊ वाढ-घट, टक्क्यांत) अधिक बाजूला सरकलेला दिसतो. आधीच थोडी हवा ओढणारी किंवा कमजोर पंपाची जुनी गाडी या वाढीमुळे मर्यादेपलीकडे जाते आणि पी०१७१ येतो. इथे सेन्सर पूर्ण निर्दोष असतो.

बदलताना

आटे बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटरचे आणि पाना २२ चा. इंजिन कोमट असताना, आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून, तार जाऊ देणाऱ्या खाचेच्या सॉकेटने सेन्सर काढावा. थंड पाइपावर जोर केला तर आटे निघून येतात. नव्या सेन्सरच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे, टोकाला लागू देऊ नये. बहुधा ते कंपनीकडूनच लावून येते. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नये. तार कापून जोडायची वेळ आली तर सोल्डर टाळून क्रिंप करावे (धातूची नळी दाबून जोडावे), कारण अनेक सेन्सर आतली हवा तारेच्या पोकळीतून घेतात. याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर फवारू नये.

शेवटी कोड पुसून गाडी महामार्गावर एकसारख्या वेगाने अर्धा तास चालवावी, जमल्यास चाळीसगावकडून कन्नडचा घाटही चढवून पाहावा. भार पडल्यावर पिकअप टिकला आणि परतल्यावर ट्रिम दोन्ही बाजूंनी दहा टक्क्यांच्या आत राहिला, तर दुरुस्ती झाली. तो पुन्हा वाढू लागला तर नव्या सेन्सरला दोष न देता गळती आणि प्लगकडे परत जावे.