सतरापैकी एक मत आणि किंमत शून्य

डिसेंबर 2023 मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा प्रश्न युरोपीय संघाच्या नेत्यांपुढे आला, तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान सभागृहाबाहेर गेले आणि उरलेल्या 26 जणांनी निर्णय घेतला. त्याच बैठकीत युक्रेनला 50 अब्ज युरोंची मदत देण्याचा प्रस्ताव मात्र हंगेरीच्या एकट्या नकारामुळे अडला. अशा बातमीनंतर आपल्याकडे एक सरळ उपाय सुचवला जातो: नकाराधिकार काढून टाकावा, लोकसंख्येनुसार मते द्यावीत, म्हणजे ज्याच्या त्याच्या आकाराप्रमाणे ताकद मिळेल. खानदेशातील गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांत भागभांडवल कितीही असो, सभासदाला मत एकच असते. त्यामुळे जितकी मते तितकी ताकद, हे समीकरण आपल्या अंगवळणी पडले आहे. मतांना वेगवेगळे वजन दिले की हे समीकरण कोलमडते.

1958 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, सहा देश होते. जर्मनी, फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी 4, बेल्जियम व नेदरलँड्स यांना प्रत्येकी 2 आणि लक्झेंबर्गला 1, अशी एकूण 17 मते होती; समुदायाच्या कार्यकारी आयोगाने मांडलेला प्रस्ताव विशेष बहुमताने संमत होण्यास 12 मते लागत. आता लक्झेंबर्गचे मत निर्णायक केव्हा ठरेल? इतरांची बेरीज बरोबर 11 झाली तरच. परंतु इतर पाचही देशांची मते सम आहेत आणि सम संख्यांची बेरीज विषम होऊ शकत नाही. म्हणजे लक्झेंबर्गने हो म्हटले काय किंवा नाही म्हटले काय, निकालात काडीचाही फरक पडत नव्हता.

गणित थोडे पुढे नेऊ. सहा देशांच्या होकार-नकाराच्या एकूण 64 जुळण्या होतात. तिन्ही मोठे देश एकत्र आले की 12 मते भरतात आणि उरलेले तिघे कसेही वागू शकतात: या 8 जुळण्या. दोन मोठे आणि दोन्ही मध्यम देश मिळूनही 12 होतात. मोठ्यांची जोडी तीन प्रकारे निवडता येते आणि लक्झेंबर्ग कोणत्याही बाजूस असू शकते: या आणखी 6. अशा 14 विजयी जुळण्यांपैकी ज्यांतून एखादा देश बाहेर पडताच बहुमत जाते, त्या मोजल्या की त्या देशाची ताकद कळते. मोठ्या देशासाठी ही संख्या 10 येते, मध्यम देशासाठी 6 आणि लक्झेंबर्गसाठी शून्य. मतांचे प्रमाण 4:2:1, ताकदीचे 10:6:0. जर्मनीच्या निम्मी मते असलेल्या बेल्जियमची ताकद निम्म्याहून अधिक होती. (निवडणुकीच्या हंगामात उमेदवाराच्या नावातील अक्षरे मोजून शुभ अंक सांगणाऱ्यांनी हे अंकशास्त्रही एकदा तपासून पाहावे, यात दक्षिणा लागत नाही.)

याच सहा देशांनी सर्वसंमतीचा नियम ठेवला असता, तर 64 पैकी एकच जुळणी विजयी ठरली असती. त्या नियमात लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांची ताकद तंतोतंत समान होते, पण संपूर्ण संघाची निर्णयक्षमता 14 वरून 1 वर येते. आजच्या 27 देशांसाठी ती 13,42,17,728 जुळण्यांमधील एक आहे. अर्थात देश नाणेफेक करून मत देत नाहीत; ते आधी वाटाघाटी करतात आणि अनेकदा आपला होकार काही सवलतीच्या बदल्यात देतात. तरीही परराष्ट्र धोरण आणि करआकारणी यांसारख्या विषयांत सर्वसंमतीची अट आजही कायम आहे, कारण तेथे कोणत्याही सरकारला स्वतःचा शेवटचा शब्द सोडायचा नाही.

इतर बहुतेक विषयांत 2014 पासून दुहेरी कसोटी लागू आहे: आयोगाच्या प्रस्तावाला किमान 55 टक्के देशांचा, म्हणजे 27 पैकी 15 देशांचा, आणि 65 टक्के लोकसंख्येचा पाठिंबा हवा. जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांची लोकसंख्या मिळून 35 टक्क्यांहून बरीच अधिक भरते, तेव्हा हे तिघेच प्रत्येक प्रस्ताव अडवू शकले असते. म्हणून लोकसंख्येच्या बळावर अडवणूक करण्यास किमान चार देश लागतील, असे कलम जोडलेले आहे.

असेच वजनदार मतदान आपल्या वस्तू व सेवा कर परिषदेतही आहे. जळगावच्या सराफ बाजारातील सोन्यावरील 3 टक्के कर बदलायचा झाला, तर त्याची शिफारस हीच परिषद करते. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि संमतीसाठी हजर असलेल्यांच्या वजनाचे तीन चतुर्थांश आवश्यक आहेत. एक तृतीयांश हे एक चतुर्थांशाहून मोठे असल्याने केंद्राचा एकट्याचा नकार पुरेसा ठरतो. नकाराधिकार हा शब्द या परिषदेविषयीच्या घटनेतील कलमात कोठेही लिहिलेला नसला तरी तो आकड्यांत आहे. विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून 31 सदस्यांत उरलेले वजन सारखे वाटले जाते, म्हणून महाराष्ट्र आणि सिक्कीम येथे समान आहेत. सर्व हजर असतील तर केंद्राला सोबत किमान 20 सदस्य लागतात, आणि 12 जणांनी एकजूट केली तर केंद्राचाही प्रस्ताव अडतो.