उतार रुंद जागी, पूल अरुंद जागी

छोट्या नदीच्या काठाने चालताना पायवाट जिथे पात्रात उतरते, तिथे नदी बहुधा पसरट दिसते. तेवढंच पाणी रुंद जागेतून वाहतं तेव्हा त्याची खोली कमी होते, म्हणून उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, तिथे पडतो.

या उथळ जागा नदी स्वतः घडवते. वळणावर पृष्ठभागाजवळचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटलं जातं, तिथे खाली बुडी मारतं आणि तळाशी आतल्या काठाकडे वळतं. बाहेरचा काठ त्यामुळे कोरला जातो, वाळू आतल्या अंगाला साचते. १९२६ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी हे समजावताना चहाचा दाखला दिला: ढवळलेल्या चहात पत्ती कडेला न जाता तळाच्या मध्यभागी गोळा होते, तीही अशाच प्रवाहाने. बाहेरच्या अंगाला डोह पडतो. दोन वळणांच्या मध्ये मुख्य धार तिरकी होऊन काठ बदलते. डोहातून पुरात निघालेले गोटे तिथे थबकतात आणि उतार तयार होतो. असे उतार सरासरी पात्राच्या रुंदीच्या ५ ते ७ पट अंतरावर येतात. म्हणजे १० मीटर रुंदीच्या नदीत साधारण दर ५० ते ७० मीटरला एक.

पुलाचं गणित उलटं. त्याला अरुंद पात्र आणि पक्का खडक हवा. म्हणून पूल झाला की रस्ता जुना उतार सोडून बाजूला सरकतो.

उतारावरच नळ्या टाकून बुटका पूल बांधला, तर पसरट पाणी नळ्यांत कोंबलं जातं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, आणि ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन जवळपास ६४ पट! खालच्या बाजूला खड्डा पडतो, नळीचं तोंड अधांतरी राहतं, माशांना वर चढता येत नाही. नळ्यांत कंजूषी करण्यापेक्षा, पुरात पाणी वरून जाऊ देणारी साधी फरशी मला कधीही बरी वाटते.

मोठ्या पुलाचा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं, पायथ्याशी भोवरे करतं आणि माती उपसतं. खड्डा सर्वांत खोल होतो तो ऐन पुरात. पाणी ओसरताना त्यात गाळ भरतो आणि तळ जागच्या जागी असल्यासारखा दिसतो. हा गाळ भुसभुशीत असतो, त्याचा पायाला आधार नसतो. त्यामुळे खरी खोली कळावी म्हणून ध्वनिलहरींचं यंत्र खांबाला बसवून ती पूर चालू असतानाही मोजतात.