हबमधलं पाणी

जीपच्या पुढच्या चाकाचं हब, म्हणजे बेअरिंग बसतात तो चाकाचा मधला भाग, उघडल्यावर मेस्त्रींनी बोटावर थोडं ग्रीस घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. भरताना तपकिरी, चकचकीत असलेलं ते ग्रीस आता दूध जास्त पडलेल्या चहासारखं पांढुरकं आणि पातळ झालं होतं. "दादा, पाणी प्यालंय बघा ह्यानं," असं म्हणत त्यांनी बेअरिंग रॉकेलच्या डब्यात सोडलं. सप्टेंबर संपत आला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात उभी होती माझी १९८८ सालची फोर-व्हील ड्राइव्ह जीप. त्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला चार-पाच वेळा ती ओढ्यांतून गेली होती आणि नंतर तीन आठवडे दारात उभी होती.

बेअरिंगचा कप, म्हणजे रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची पोलादी कडी, पुसला तेव्हा आतल्या चकाकत्या भागावर काळपट रेघा दिसल्या, अगदी सारख्या अंतरावर. रोलर शेजारी धरून पाहिले तर तेच अंतर. गाडी उभी असताना प्रत्येक रोलर जिथे टेकला होता तिथे पाणी धरून राहिलं आणि तेवढीच रेघ गंजली. पुढे चाक फिरताना प्रत्येक रोलर त्या रेघांवरून उड्या मारत जातो. आपल्याला केबिनमध्ये ऐकू येते ती घरघर.

जुन्या जीपच्या पुढच्या चाकाच्या हबमध्ये दोन टेपर बेअरिंग असतात, एक आत, एक बाहेर. रोलर एका टोकाला किंचित निमुळते असतात, म्हणून चाकावरचं वजन आणि वळणावर बाजूने बसणारा धक्का ही दोन्ही ओझी ते पेलतात. हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं ते घोडागाड्यांसाठी. प्रश्न तेव्हाही वळणावरच्या धक्क्याचाच होता.

या रचनेतली खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. रोलर आणि कप जिथे टेकतात ती जागा म्हणजे एक बारीक रेघ. जीपचं सगळं वजन अशा मोजक्या रेघांवर येतं, त्यामुळे तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो. एवढ्या दाबाखाली तेल पिळून बाहेर जायला हवं. होतं उलटंच. दाब वाढला की तेल कमालीचं घट्ट होतं, क्षणभर जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं आणि रोलरला उचलून धरतं. या थराची जाडी साधारण एका मायक्रॉनच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीच्या सत्तराव्या भागाहूनही कमी. कोल्हापूर ते गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. तेवढ्यात जीपचं चाक चोवीस हजारांच्या आसपास फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्याला हा थर टिकावा लागतो. मला हे आजही विलक्षण वाटतं.

ग्रीस म्हणजे दाट तेल असं आपण समजतो. खरं तर ते तेल आणि साबण. लिथियम साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळीत तेल स्पंजसारखं धरलेलं असतं आणि लागेल तसं झिरपतं. पाणी मिसळलं की ही जाळी ढिली पडते. त्यात पाण्याला तेलासारखं दाबाखाली घट्ट होता येत नाही, म्हणून थर नेमका ओझ्याच्या जागी फाटतो आणि पोलाद पोलादाला घासतं. वेगळ्या जातीच्या ग्रीसची भेसळ झाली तरी जाळी अशीच मोडू शकते. जुन्यावर नवं थापण्यापेक्षा सगळं धुऊन एकाच जातीचं भरावं.

पाणी आत शिरतं कसं? घाट उतरताना ब्रेक ड्रम तापतात आणि त्यांच्यासोबत हबही. आतली हवा ७० अंशांवर असेल आणि चाक २५ अंशांच्या ओढ्यात गेलं, तर हब बंद असल्यास आतला दाब सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे हब अक्षरशः पाणी ओढून घेतं. हबचं तोंड बंद करणाऱ्या ऑइल सीलची ओठासारखी कड झिजलेली असेल तर ती काय अडवणार? म्हणून ओढ्याच्या अलीकडे पंधरा-वीस मिनिटं गाडी थांबवावी. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र गाडी घालूच नये. तिथे प्रश्न बेअरिंगचा नसतो, जिवाचा असतो.

दुखणं ओळखायला चाक जॅकवर घ्यावं, वरून आणि खालून धरून हलवावं. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, व्हील बेअरिंगचा, तरीही हललं तर किंगपिनकडे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीकडे बघावं. एवढी साधी परीक्षा न करता मी एकदा चांगली बेअरिंग बदलून बसलो, आणि पैसे गेल्यापेक्षा जुनी फेकली याचंच वाईट वाटलं.

बसवताना खरं कौशल्य हब जागेवर धरणाऱ्या दोन नटांत आहे. चाक हाताने फिरवत आतला नट आवळायचा, चाक जड झालं की साधारण सहावा हिस्सा फेरा मागे घ्यायचा. मग जीभवाला वॉशर, मग बाहेरचा नट. बाहेरचा नट आवळला की आतला प्ले बदलतो, म्हणून पुन्हा तपासायचं. सैल राहिलं तर रोलर आदळतात. जास्त आवळलं तर हब तापतं, तेल पातळ होतं, थर फाटतो, आणि हब आणखी तापतं. मेस्त्रींनी माझा हात धरून तो नट फिरवायला लावला होता. चाक अडखळत नाही पण हलतही नाही, ही जागा हातालाच कळते, पाना सांगत नाही.

बदलायचं झालं तर कप आणि कोन (रोलर बसवलेली आतली कडी) जोडीनेच बदलावेत. ग्रीस तळहातावर घेऊन कोनची रुंद बाजू त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत. धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवू नये. कोरडं फिरून ते खराब होतं, रोलरना जागेवर धरणारा पिंजरा तुटून रोलर डोळ्यात उडू शकतो.

नंतर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला थांबून दोन्ही हबना हात लावून बघावं. एक कोमट आणि दुसरं चटका देणारं असेल तर नट तिथल्या तिथे पुन्हा बघायचा. आणि पाण्यातून आलेली जीप दारात तशीच उभी ठेवू नये. त्याच आठवड्यात हब उघडून ग्रीसचा रंग बघावा.