पितळी पाटी ते जे-1 व्हिसा: डॉक्टरांच्या परतीच्या वाटेची पार्श्वभूमी

दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यापाशी अजूनही एखादी पितळी पाटी दिसते. वर नाव, खाली एम.डी. (मुंबई), आणि त्याखाली जरा ठसठशीत अक्षरांत एफ.आर.सी.एस. (इंग्लंड), म्हणजे तिथल्या शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजची फेलोशिप. डॉक्टर बहुधा हयात नसतात, पण पाटी काढायचा धीर कोणाला होत नाही. त्या पाटीच्या काळात विलायतेला जाणं यातच परत येणं धरलेलं असे. आज एमबीबीएस झालेल्या मुलीने यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची, पुस्तकं आणली, की घरचे मनातल्या मनात समजून जातात: आता ही दिवाळीपुरती यायची. हा फरक पिढीच्या स्वभावाचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात स्वभावापेक्षा कागदांचा हात मोठा दिसतो. कोणाची पदवी कुठे चालते, हे ठरवणारे कागद.

इंग्रजी अमदानीत वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या डॉक्टरांच्या सरकारी सेवेकडे होत्या. या सेवेची स्पर्धा परीक्षा 1855 मध्ये सुरू झाली, तीही लंडनमध्ये. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून डॉक्टर घडवत होतं, पण मोठ्या हॉस्पिटलची आणि अध्यापनाची सूत्रं साहेबांच्या हाती. त्या भिंतीत शिरायला फट होती ती विलायती पदवीची. म्हणून लोक कर्ज काढून, कोणा शेठजीची शिष्यवृत्ती मिळवून बोटीने जात. पदवीचा भाव मुंबईतच असल्यामुळे ती घेऊन तिकडे राहण्यात फारसा अर्थ नव्हता.

परळच्या केईएम हॉस्पिटलचा जन्म याच चिडीतून झाला. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अटच घातली, की कॉलेजात शिकवणारे सरकारी सेवेबाहेरचे, पात्र हिंदी डॉक्टर असावेत. 1926 मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच. गंमत अशी, की साहेबाला वगळून उभ्या केलेल्या या संस्थेच्या अधिष्ठात्यांकडे होती लंडनची एम.डी.

याच काळातलं गोव्याच्या शिरोड्याचं नाव म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. 1927 मध्ये मुंबईची एम.डी., 1931 मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस., आणि पुन्हा मुंबई. काही बायकांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळाही न येता, गर्भाशयाचं तोंड सैल पडून जात असे. शिरोडकरांनी त्या रुग्णेच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून तिने ते तोंड आवळून बांधलं. शस्त्रक्रियेचं हे वर्णन 1955 मध्ये छापून आलं ते लंडनच्या नव्हे, मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात. जगभरच्या प्रसूतिगृहांत आजही तिला ‘शिरोडकर टाका’ म्हणतात.

पदवीच्या देवघेवीत खोट मात्र आधीच पडली होती. 1930 मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. कारण पुढे केलं प्रसूतिशास्त्राच्या अपुऱ्या शिक्षणाचं. त्या धक्क्यातून 1933 चा कायदा आणि पाठोपाठ आपली तशीच संस्था, मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया, आली. मान्यता पुढे परतही मिळाली. 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिला हात कमी पडू लागले, तेव्हा आपल्याकडच्या डॉक्टरांना दारं सताड उघडी झाली. साठच्या दशकात परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात जेमतेम तीन पौंड घेऊन लोक उतरत. मनात सर्जरी असे, मिळे ती गोऱ्या डॉक्टरांना नको असलेली जागा: म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, वेल्सच्या खाणगावातला दवाखाना. कन्सल्टंटची, म्हणजे मुख्य तज्ज्ञाची, खुर्ची बऱ्याच जणांना दुरूनच दिसली. फेलोशिप होईपर्यंत म्हणून थांबलेले मुलांच्या शाळांपायी तिथलेच होऊन गेले.

1975 मध्ये ब्रिटनने पुन्हा भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढली आणि परीक्षा लावली. तीच पुढे ‘प्लॅब’ म्हणून ओळखली गेली. आपणही उट्टं काढलं. 11 नोव्हेंबर 1978 नंतर मिळालेल्या विलायती पदव्या आपल्या यादीतून गळल्या. ज्या एफ.आर.सी.एस.वर पाटी झळकत होती, तीच आता घरी येऊन पदव्युत्तर पात्रता म्हणून धरली जाईना.

अमेरिकेचं तर आणखी विचित्र. परदेशी पदवीधरांची पारख करणारी ईसीएफएमजी ही संस्था 1956 ची, आणि 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने कुशल माणसांना दार मोकळं केलं. तिथे चार-पाच वर्षं रेसिडेन्सी (हॉस्पिटलात राबून घ्यायचं तज्ज्ञाचं शिक्षण) करून, बोर्डाची परीक्षा देऊन जो परत येई, तो आपल्या कौन्सिलच्या दप्तरी नुसता एमबीबीएसच. खासगी रुग्णालयं त्याला हात पसरून घेत. चेन्नईत 1983 मध्ये अपोलो सुरू करणारे डॉ. प्रताप रेड्डी स्वतः अमेरिकेत शिकून आलेले. पण मेडिकल कॉलेजात शिकवायचं ठरवलं तर कागद आडवा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या पदव्युत्तर पदव्यांना भारताने मान्यता दिली ती थेट 2008 मध्ये. मधल्या तीस वर्षांत गेलेल्यांना ‘देश विसरले’ म्हणताना हे तीस वर्षांचं बंद दार कोणी मोजत नाही.

त्या काळात आणि त्याआधीही काही जण आलेच. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं काम मांडलं; अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून 1984 मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन गडचिरोलीत गेले. बंगांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिथला बालमृत्यूंचा हिशेब 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं जगाला दिसलं. गावातल्या बाईच्या हातात वजनकाटा द्यायला कोणत्याही कौन्सिलची परवानगी लागत नव्हती, हेही त्यामागे असावं.

आज पुन्हा पारडं हलतं आहे. इकडे पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेला दोन लाखांवर उमेदवार आणि हव्या त्या शाखेच्या जागा मोजक्या. तिकडे ब्रिटनने 2006 मध्ये प्रशिक्षणाचे नियम रातोरात बदलून भारतीय डॉक्टरांना रस्त्यावर आणलं होतं (प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं), आणि 2025 च्या आरोग्य योजनेत स्वतःच्या पदवीधरांना अग्रक्रम द्यायचं जाहीर केलं. अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्यामुळे शिकायला जाणाऱ्यांच्या जे-1 व्हिसाकडे पुन्हा डोळे लागले आहेत.

हा जे-1 मिळवायचा तर दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं एक पत्र लागतं. या शाखेच्या डॉक्टरांची भारताला गरज आहे आणि अर्जदाराने शिकून परत येण्याची लेखी हमी दिली आहे, असा त्याचा मजकूर. शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी राहणं बंधनकारक. त्यातून सुटायची वाट अमेरिकेनेच 1994 मध्ये करून ठेवली, नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने: डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करा आणि राहा. दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजच्या एमबीबीएसला ग्रामीण सेवेचा बाँड असतो एक वर्षाचा.