कालासासाया: उभ्या दगडांची भिंत कशी झाली

दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा लोकांच्या भाषेत 'काला' म्हणजे दगड. कालासासाया या नावाचा अर्थ 'उभे दगड' असा लावतात. बोलिव्हियाच्या पठारावर, टिटिकाका तळ्याच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८५० मीटर उंचीवर तिवानाकु या प्राचीन शहराचे अवशेष आहेत आणि त्यातल्या साधारण १३० बाय १२० मीटरच्या मोठ्या चौथऱ्याला हे नाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फोटो पाहिले की नाव का पडले ते लगेच कळते. मोकळ्या माळावर ओळीने उभ्या शिळा, आणि दोन शिळांच्या मध्ये नुसती हवा. आज तिथे गेलेल्या माणसाला मात्र या शिळा शोधाव्या लागतात, कारण मधल्या जागा घडीव चिऱ्यांनी भरून सलग भिंत उभी केलेली आहे. तिवानाकुच्या लोकांनी अशी भिंत बांधली असेलही. पण लोक जिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत बांधली गेली.

दर वर्षी २१ जूनला पहाटेच्या गारठ्यात हजारो लोक याच आवारात आयमारा नववर्षाच्या पहिल्या किरणांसाठी हात पसरून उभे राहतात, तेव्हा त्यांच्यासमोरची चौकट कोणाची, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ पुरातत्त्वाचा राहत नाही.

मूळ शहराबद्दल थोडक्यात. वस्तीची सुरुवात आता इसवी सन ११० च्या आसपास धरतात. मोठी बांधकामे आणि दूरवर पसरलेला प्रभाव साधारण ५०० ते १००० या काळातला. पंधराव्या शतकात इंका इथे पोहोचले तेव्हा शहर ओस पडून काही शतके लोटली होती. इंकांनी हे अवशेष आपल्या उत्पत्तिकथेत घेतले आणि विराकोचा या सृष्टिकर्त्या देवाने माणसे घडवली ती इथेच, असे सांगू लागले. पुमापुंकु या भागात त्यांनी स्वतःची बांधकामेही केली. सतराव्या शतकातल्या एका जेझुइट पाद्र्याच्या नोंदीनुसार राजा पाचाकुती हे दगडकाम पाहून इतका भारावला की आपल्या राजधानीतल्या, कुस्कोतल्या इमारती अशाच व्हाव्यात म्हणून त्याने आपल्या माणसांना ते नीट निरखायला सांगितले. तिवानाकुचा वारसा आपलासा करण्याचे काम विसाव्या शतकात सुरू झाले असे मानण्याची गरज नाही. १५४९ मध्ये आलेल्या एका स्पॅनिश बखरकाराने गावकऱ्यांना विचारले की हे इंकांच्या काळात बांधले का? ते हसले, आणि म्हणाले, त्यांच्या कितीतरी आधीचे आहे.

त्यानंतरची साडेतीनशे वर्षे म्हणजे दगड पळवण्याचा इतिहास. शेजारच्या गावातले चर्च १५८० ते १६१२ या काळात बांधले गेले ते याच दगडांनी. खजिन्याच्या आशेने अकापाना या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकाडाच्या मधोमध प्रचंड खड्डा खणला गेला. तो आजही दिसतो. पुढे प्रशासकीय राजधानी ला पाझहून तळ्याकडे जाणारी आगगाडी आली, तेव्हा तिच्या बांधकामातही इथला दगड गेला. घडीव, हाताने उचलता येतील असे चिरे आधी गेले. न हलणाऱ्या शिळा तेवढ्या उरल्या. 'उभे दगड' हे नाव तिवानाकुच्या वैभवाचे नसून त्याच्या लुटीनंतरचे असण्याची शक्यता त्यामुळे बरीच मोठी आहे, आणि हीच गोष्ट पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी वापरली गेली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन गोष्टी घडल्या. व्हिएन्नाहून आलेल्या एका अभियंत्याने कालासासायाच्या कोपऱ्यांवरून अयनबिंदूंच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या, वेळचा सूर्योदय मोजला, पृथ्वीच्या अक्षाच्या बदलत्या कलाचे गणित मांडले आणि हे शहर इसवी सनापूर्वी १५,००० वर्षांचे ठरवले. गणितातली आकडेमोड हा यातला कच्चा दुवा नव्हता. अर्धे दगड गायब असलेल्या चौकाचा नेमका कोपरा कोणता, हेच मुळात ठाऊक नव्हते. हा आकडा अजूनही इंटरनेटवर फिरतो, आणि त्याच्या पाठोपाठ परग्रहवासीही येतात.

दुसरी गोष्ट १९३२ ची. कालासासायाच्या पूर्वेला जमिनीत खोल उतरलेल्या छोट्या देवळात एका अमेरिकन पुरातत्त्वज्ञाला सात मीटरहून उंच, अखंड दगडाची मूर्ती सापडली. तिला त्याच्याच आडनावाने 'बेनेट स्तंभ' म्हणतात. आयमारा लोक तिला पाचामामा, म्हणजे धरणीमाता म्हणतात. मूर्ती लवकरच ला पाझला नेली गेली आणि १९४० च्या सुमारास तिथल्या फुटबॉल स्टेडियमसमोर उभी राहिली. तिच्याभोवती त्या खोलगट देवळाची प्रतिकृतीही बांधली गेली. म्हणजे शहरातली नक्कल आधी तयार झाली, आणि तिवानाकुतल्या मूळ देवळाची डागडुजी नंतर, १९६० ते १९६४ मध्ये. मूर्ती परत आपल्या गावी यायला २००२ साल उजाडले.

आता मुख्य निर्णयाकडे. १९५२ च्या क्रांतीनंतर बोलिव्हियात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, सर्वांना मताधिकार मिळाला, १९५३ मध्ये जमीन सुधारणा झाली. सरकारी भाषेतून 'इंडियन' हा शब्द जाऊन 'शेतकरी' हा शब्द आला. नव्या राष्ट्राला नवा भूतकाळ हवा होता. इंकांवर पेरूचा हक्क आधीच बसलेला. कुस्को त्यांच्याकडे, माचू पिचू त्यांच्याकडे. बोलिव्हियाला इंकांच्या आधीचे, इंकांचे गुरू म्हणावे असे काहीतरी हवे होते, आणि ते राजधानीपासून काही तासांवर पडलेले होते. सत्ताधारी पक्षाशी जवळीक असलेल्या एका पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली दशकाच्या अखेरीस सरकारी संशोधन केंद्र निघाले. परदेशी मोहिमांच्या उत्खननावर नियंत्रणे आली. परदेशी संग्रहालयांनी त्याआधी जे नेले ते पाहता ही नियंत्रणे अन्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. उत्खनन आता राष्ट्रीय काम झाले, आणि राष्ट्रीय कामाचा निकाल लोकांना दिसायला हवा. मातीचे थर, खापरांचे तुकडे आणि कोळशाचे नमुने दाखवून राष्ट्र उभे राहत नाही. भिंत दाखवून राहते.

पुनर्बांधणीचा आधार काय होता? खोलगट देवळाच्या भिंती बऱ्यापैकी शाबूत सापडल्या होत्या. त्यात उभ्या शिळांच्या मध्ये लहान घडीव चिरे रचलेले होते आणि भिंतीतून बाहेर डोकावणारी दगडी मुंडकी होती. बांधणीची हीच पद्धत कालासासायाला लावली गेली. शेजारची इमारत, ओळखीची कारागिरी, शिवाय चिरे पळवले गेल्याची ऐतिहासिक नोंद. तर्क म्हणून हे वाईट नाही. विरोधकांचे म्हणणे असे की तर्क आणि पुरावा यांत फरक आहे. भिंतीची उंची किती होती? सगळ्या बाजूंना सारखी होती का? काही शिळा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या का? कालासासाया एकाच वेळी बांधली गेली की पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली? या प्रश्नांची उत्तरे ज्या मातीत असू शकली असती, त्या मातीवरच नव्या भिंतीचा पाया बसला. माझ्या मते या सगळ्या वादातले सर्वांत मोठे नुकसान हे आहे. चुकीची भिंत पाडता येते. तिच्यासाठी खणलेला थर परत भरता येत नाही.

आणि इथे मराठीत लिहिताना शब्द अडतो. आपल्याकडे अशा कामाला सरसकट जीर्णोद्धार म्हणतात. त्या शब्दात पुण्य आहे. जुने मोडके देऊळ चांगले करणे, मूर्ती पुन्हा पुजेत आणणे हे त्यात अभिप्रेत असते, आणि देऊळ चालते-बोलते असल्यामुळे नवा कळस जुन्यासारखाच असावा अशी अट त्यात नसते. संवर्धन म्हणजे आहे ते टिकवणे. पुनर्बांधणी म्हणजे नाही ते उभारणे. या दोहोंच्या मध्ये अ‍ॅनास्टायलोसिस नावाचा, मराठीत न रुळलेला प्रकार आहे, तो म्हणजे पडलेले मूळ दगड ओळखून त्यांच्या मूळ जागी पुन्हा रचणे. स्मारकांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम घालून देणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने एवढ्यालाच परवानगी दिली, बाकी पुनर्बांधणी आधीच नाकारली आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे असे स्पष्ट म्हटले. खोलगट देवळाचे काम संपले तेही १९६४ मध्येच. म्हणजे नियम लिहिला गेला तेव्हा तिवानाकुत दगड चढत होते. सनदेनंतरच्या मापाने आधी सुरू झालेल्या कामाला तोलणे योग्य नाही, हा बचाव नेहमी दिला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण स्पॅनिश अहवालांत त्या कामाला दिलेला शब्दही 'पुनर्स्थापना' या अर्थाचा होता, जणू दगडांना आपापली जागा आठवत होती. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासून त्यालाही जीर्णोद्धार म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना शब्दांचा हा खेळ नवा नाही.

भिंतीबरोबर एक कालपटही उभा केला गेला. गाव, मग शहर, मग साम्राज्य अशा पाच टप्प्यांची मांडणी झाली आणि सुरुवात इसवी सनापूर्वी १५८० मध्ये नेली गेली. इतकी जुनी सुरुवात एकाच रेडिओकार्बन तारखेवर टेकलेली होती. नव्या मोजणीने ती दीड हजार वर्षांहून अधिक पुढे सरकवली. 'साम्राज्य' हा शब्द मात्र चिकटून राहिला. त्याचा गोंधळ त्याहून जुना आहे. पेरूच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या, दंडधारी देवाचे चित्र असलेल्या भांड्यांना पूर्वी सरळ 'किनारी तिवानाकु' म्हणत. त्यातले बरेच काही आयाकुचोजवळच्या वारी या वेगळ्याच राजधानीचे होते, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट झाले. दोघांच्या वसाहती पेरूच्या मोकेगुआ खोऱ्यात जवळजवळ शेजारी होत्या. वारीची वसाहत सेरो बाउल या सपाट माथ्याच्या डोंगरावर, तिथे चिचा नावाची आंबवलेली दारू बनवण्याची मोठी भट्टी सापडली आहे, तर तिवानाकुची माणसे खाली दरीत शेती करत होती. शतकानुशतके एकमेकांना सहन करणाऱ्या या दोन सत्तांना साम्राज्य म्हणावे, की तीर्थक्षेत्र आणि त्याभोवतीचे सैल संघटन म्हणावे, यावर आजही एकमत नाही. बोलिव्हियाच्या पाठ्यपुस्तकी इतिहासाला साम्राज्यच सोयीचे होते.

१९८० च्या दशकात परदेशी पथके पुन्हा आली आणि पुनर्बांधणीची हौस शेतात शिरली. तळ्याकाठी प्राचीन गादीवाफ्यांचे पट्टे आहेत, आयमारात त्यांना सुका कोल्यु म्हणतात. उंच वाफे आणि मधून पाण्याचे चर. चरातले पाणी दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते, त्यामुळे पिकाला हिमाचा फटका कमी बसतो. संशोधकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी गावकऱ्यांकडून असे वाफे पुन्हा करून घेतले. सुरुवातीला बटाट्याचे उत्पादन आजूबाजूच्या शेतांपेक्षा खूपच जास्त आले. पुढे पैसे आटले, श्रम परवडेनात आणि बहुतेक वाफे पडीक राहिले. हे वाफे राजधानीच्या हुकमाने झाले की गावांनी आपापले केले, या वादावर साम्राज्याचा वादही अडून आहे.

२००० मध्ये दोन घटना घडल्या. आजूबाजूच्या आयमारा गावांनी आंदोलन करून स्थळाचा कारभार आपल्याकडे घेतला. तिकिटाचे पैसे राजधानीत जातात आणि गावात नळ नाही, ही तक्रार साधी होती. त्याच वर्षाच्या शेवटी तिवानाकु जागतिक वारशाच्या यादीत आले. जानेवारी २००६ मध्ये देशाच्या पहिल्या आयमारा राष्ट्राध्यक्षाने अधिकृत शपथेच्या आदल्या दिवशी इथेच पारंपरिक पोशाखात अधिकार स्वीकारला. पार्श्वभूमीला अर्थातच कालासासाया. पुढे २१ जूनची सार्वजनिक सुटी झाली. नववर्षाचा आकडा ५,५०० च्या पुढे असतो. एकेक हजार वर्षांची पाच युगे आणि त्यात १४९२ पासूनची वर्षे मिळवली की तो येतो, म्हणजे २०२४ ला ५५३२. हा हिशेब आधुनिक आहे, तशीच भिंतही. ज्या सूर्यद्वारातून किरण आल्याचे फोटो छापून येतात, ते सुमारे दहा टनांचे अखंड दगडी दारही मुळात त्या जागी नसावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून तिथे हात पसरणाऱ्या बाईची श्रद्धा खोटी ठरत नाही. १९५० च्या दशकात तिच्या आजीला 'शेतकरी' म्हणवून घ्यायला सांगितले गेले, आणि तिच्या पूर्वजांचे शहर राष्ट्राच्या नावे केले गेले. ते परत घेताना तिने भिंतीसकट घेतले.

२००९ मध्ये तीच चूक अधिक वाईट साहित्यात झाली. पर्यटक वाढावेत म्हणून अकापानाच्या एका बाजूला कच्च्या विटांची आणि मातीची पायऱ्यापायऱ्यांची दर्शनी भिंत चढवली गेली. मूळ तोंड दगडाचे होते. आराखड्यामागे अभ्यास नव्हता, असे पाहणी करायला नेमलेल्या तज्ज्ञानेच जाहीरपणे सांगितले. वजनाने टेकाड खचेल अशी भीती निर्माण झाली आणि जागतिक वारशाचा दर्जा जाण्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. दर्जा गेला नाही.

पुमापुंकुत मात्र कोणी भिंत घातलेली नाही. तिथे सर्वांत जड वालुकाश्म शिळा सुमारे १३० टनांची आहे आणि बाकीचे कोरीव तुकडे इतके विखुरलेले आहेत की कोणता कुठला ते सांगणे कठीण. २०१८ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी या दगडांची गेल्या दीड शतकातल्या निरनिराळ्या प्रवाशांनी घेतलेली मापे गोळा केली, त्यांवरून प्रत्येक तुकडा ४ टक्के आकारात थ्रीडी प्रिंटरवर छापला आणि टेबलावर बसून ते खेळण्यासारखे जुळवून पाहिले. न जुळलेला तुकडा उचलून बाजूला ठेवता येत होता. काही तुकडे प्रमाणबद्ध माळेसारखे, मोठ्या दाराच्या लहान लहान आवृत्त्या असल्याचे त्यातून दिसले. माळावरचे दगड कोणी हलवलेले नाहीत.