सहावे वर्ष आणि मिशनरी कुटुंब : एका जुन्या नियमाची पार्श्वभूमी

परदेशात सेवाकार्यासाठी गेलेल्या ख्रिस्ती जोडप्यासमोर मूल पाच-सहा वर्षांचे झाले की एक प्रश्न उभा राहतोच: त्याला जवळ ठेवून घरी शिकवायचे, लांबच्या निवासी शाळेत घालायचे, की सेवा सोडून मायदेशी परतायचे. आज हा त्या त्या कुटुंबाचा खासगी पेच समजला जातो. एकोणिसाव्या शतकात मात्र त्याचे उत्तर अनेक ठिकाणी कुटुंबाच्या हाती नव्हते, आणि सहा हे वयसुद्धा एका लेखी नियमातून आलेले आहे.

गोव्यात व वसईत आलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना संसार नव्हता, त्यामुळे हा प्रश्न मुळात प्रॉटेस्टंट मिशनांचा. त्याची सुरुवातच दुःखाने झाली. १७९३ साली बंगालमध्ये आलेल्या पहिल्या प्रसिद्ध इंग्रज मिशनरीची पत्नी आधी यायलाच तयार नव्हती. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा दगावला, तिचे मन त्यातून पुन्हा सावरले नाही आणि १८०७ साली ती त्याच अवस्थेत वारली. १८१२ साली अमेरिकेतून निघालेल्या पहिल्या तुकडीतील एका तरुणीचे मूल समुद्रावरच जन्मले व काही दिवसांत गेले; मॉरिशसला तिचाही मृत्यू झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच तुकडीतील दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले आणि त्यांच्या कामातून पुढे मराठी मुलखातील अमेरिकन मिशन उभे राहिले. त्यांच्यापैकी एकाची पत्नी १८२५ साली दोन मुलांना हवापालटासाठी अमेरिकेला घेऊन निघाली. एक मूल वाटेत गेले, आणि पुढच्या वर्षी पती नाशिकच्या परिसरात कॉलऱ्याने वारला.

अशा मृत्यूंमुळे ‘हवामान’ हा शब्द पुढच्या प्रत्येक चर्चेत सर्वात आधी येऊ लागला. तो खोटा नव्हता. पण त्याच्या आड बरेच काही झाकले गेले.

या इतिहासातील सर्वात वादग्रस्त निर्णय १८५३ सालचा आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरातून चालणारे एक जर्मन भाषिक मिशन १८३४ पासून मंगळूर, धारवाड, हुबळी आणि मलबार या भागांत काम करत होते. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली मंगलोरी कौले त्याच्याच कारखान्यातून प्रथम निघाली. या मिशनचे प्रमुख १८५१-५२ मध्ये हिंदुस्थानात पाहणी करून परतले आणि त्यानंतर कार्यकारी समितीने ठरवले की मिशनऱ्यांची मुले शाळेच्या वयाची होताच, म्हणजे साधारण सहाव्या वर्षापर्यंत, युरोपला पाठवली जावीत. त्यांच्यासाठी बाझेलमध्ये मुलांचे व मुलींचे वेगळे निवास काढण्यात आले. याच समितीच्या परवानगीशिवाय मिशनऱ्याला लग्नही करता येत नसे. आधी किमान दोन वर्षे सेवा करावी लागे, आणि कित्येकदा वधू पूर्वी कधी न पाहिलेल्या वराकडे जहाजाने एकटी येई. लग्न, मूल आणि मुलाचा वियोग या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठरत होत्या.

नियमामागची कारणे तीन होती. पहिले अर्थातच हवामान. दुसरे म्हणजे संगत आणि भाषा: मूल दिवसभर आयेजवळ, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या बाईजवळ, आणि नोकरांच्या मुलांत राही, कन्नड किंवा मल्याळम् सहज बोले आणि घरच्या जर्मनमध्ये अडखळे, आणि याकडे कौतुकाने नव्हे तर धोका म्हणून पाहिले जाई. तिसरे कारण फार मोठ्याने सांगितले जात नसे, पण माझ्या मते तेच निर्णायक होते. मिशनरीच्या पत्नीने मुलींची शाळा व वसतिगृह चालवावे अशी अपेक्षा असे, आणि स्वतःची पाच-सहा मुले सांभाळणाऱ्या बाईला त्यासाठी वेळ उरत नसे. मुले युरोपला गेली की ती मोकळी होई. त्या वसतिगृहातल्या अनाथ मुलींची वेणीफणी आणि आजारपणे पाहणाऱ्या कित्येक बायकांची स्वतःची मुले त्याच वेळी बाझेलमध्ये परक्या हातांखाली वाढत होती.

येथे ‘पाचारण’ या शब्दाचा गुंता लक्षात घ्यावा लागतो. देवाने सेवेसाठी बोलावणे म्हणजे पाचारण, आणि मिशन ते पतीच्या बाबतीत तपासून पाही. पत्नी मिशनरी म्हणून मोजली जात नसे, पण काम मिशनरीचे करी. म्हणजे पाचारण पतीचे आणि त्याग दोघांचा. मुलाचे तर पाचारणच नव्हते. तरीही आई-बापांच्या पाचारणाची किंमत त्यानेही भरावी, आणि ती भरताना कुरकुर न करणे हीच त्याची भक्ती, असे त्याला शिकवले गेले. हा विचार एकट्या बाझेलच्या मिशनचा नव्हता, पण तो नियम म्हणून इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी लिहिला असेल.

नियम येण्याआधीही प्रथा होतीच. १८४२ साली तलश्शेरीला जन्मलेल्या एका मुलीला आई-वडिलांनी लहानपणीच युरोपात ठेवले आणि ते मलबारला परतले. वडील मल्याळमचे मोठे कोशकार होते. ती पंधराव्या वर्षी, १८५७ साली, पुन्हा त्यांच्याजवळ आली तेव्हा तिला मल्याळम् नव्याने शिकावी लागली. पुढे तिचा स्वतःचा मुलगा १८८४ साली काही महिने बाझेलच्या मुलांच्या निवासात राहिला, तोही आई-वडील त्याच शहरात असताना. हाच मुलगा मोठेपणी कादंबरीकार झाला आणि १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हवामानाचे कारण कितपत खरे होते हे पाहायला हवाई बेटांचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील हवा निरोगी होती, तरीही अमेरिकन मिशनऱ्यांनी अनेक लहान मुले महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासाला, केप हॉर्नला वळसा घालून, न्यू इंग्लंडला धाडली. जी मुले मागे राहिली त्यांना हवाईयन भाषा शिकू दिली जात नसे आणि स्थानिक मुलांपासून दूर ठेवले जाई. अखेर १८४१ साली होनोलुलूजवळ केवळ मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा स्थापन झाली. म्हणजे वियोग कमी झाला, पण भिंत कायम राहिली. लंडन परिसरातही मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ साली आणि मुलांसाठी १८४२ साली शाळा निघाल्या होत्या.

मराठी मुलखात उलटाही अनुभव आला. १८४७ साली भायखळ्यात जन्मलेला एक मिशनरीपुत्र १८५४ साली आई-वडिलांबरोबर अमेरिकेला निघाला, वडील प्रवासातच वारले, आणि हा मुलगा १८७४ साली मिशनरी म्हणून परत येऊन १९२६ पर्यंत मुख्यतः अहमदनगरला राहिला. लहानपणी कानावर पडलेल्या ज्या मराठीला इतरांनी धोका मानले असते, तीच त्याच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कामाची भाषा झाली.

१८६९ साली सुएझ कालवा उघडल्यावर चार-पाच महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला, आणि डोंगरावरच्या शाळा वाढल्यावर मुले हिंदुस्थानातच ठेवण्याची सोय झाली. मसुरीजवळच्या लंढौरची शाळा १८५४ सालची. मदुराईकडच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी रोगराईला कंटाळून १८४५ साली कोडाईकनालला पहिले बंगले बांधले होते. तेथे १९०१ साली शाळा सुरू झाली. नगर-सोलापूरकडची मुलेही या शाळांत जात. वियोग आता वर्षांचा न राहता महिन्यांचा झाला, आणि उन्हाळ्यात आई वर येऊन राहू शके, ही सुधारणा खरीच मोठी होती.

चीनमध्ये मात्र विसाव्या शतकाने जुनाच घाव पुन्हा दिला. १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यत जिंकलेला स्कॉटिश धावपटू तिएन्त्सिनमध्ये मिशनरी घरात जन्मला होता आणि १९०८ साली, सहाव्याच वर्षी, इंग्लंडमधील शाळेत ठेवला गेला होता. तो स्वतः मिशनरी होऊन चीनला परतला. १९४१ साली त्याने गरोदर पत्नीला व दोन मुलींना कॅनडाला पाठवले, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत वेईश्येनच्या जपानी छावणीत तो वारला. तिसरी मुलगी त्याने पाहिलीच नाही. त्याच छावणीत चेफू येथील १८८१ साली स्थापन झालेल्या मिशनरी शाळेची मुले आई-बापांविना कैदेत होती, आणि तो त्यांचा शिक्षक व खेळगडी होता.

या मुलांसाठी आज सर्रास वापरली जाणारी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा १९५० च्या दशकात हिंदुस्थानातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या एका समाजशास्त्रज्ञ दांपत्याने दिली. मूळ अर्थाने तिसरी संस्कृती म्हणजे दोन समाजांतील माणसे एकत्र काम करताना त्यांच्यामध्ये तयार होणारी सामायिक राहणी. मुलाच्या मनातील भेसळ नव्हे. पुढे संज्ञेतली संस्कृती बाजूला पडली आणि मूलच ‘तिसरे’ झाले.

निवासी शाळांचे दुसरे रूप उशिरा उघड झाले. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात मामू येथे शिकलेल्या मिशनरी मुलांनी मोठेपणी छळाच्या तक्रारी मांडल्या, आणि १९९० च्या दशकात संबंधित मिशनला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. तक्रार केली तर आई-बापांची सेवा थांबेल या भीतीने मुले गप्प राहिली होती. त्यानंतर अनेक मिशनांनी निवासी शाळेची सक्ती सोडली, आणि इंटरनेटमुळे घरी शिकवणेही सोपे झाले.

आता हाच प्रश्न भारतीय कुटुंबांसमोर आहे. तामिळनाडूतून उत्तरेकडच्या आदिवासी भागांत सेवेसाठी जाणाऱ्या जोडप्यांना सीमा ओलांडावी लागत नाही, पण तेथील बोली, लिपी आणि शाळा त्यांना परदेशाइतक्याच परक्या असतात. त्यांच्या मुलांसाठी तामिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे डोनावूर येथे निवासी शाळा आहे. ही जोडपी शेकडो मैलांवरच्या खेड्यांत इतरांच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवतात, आणि त्यांची स्वतःची मुले डोनावूरला सुट्टीची वाट पाहत असतात.